रविवारचा सिनेमा

प्रस्तुत विषय हाती घेताना आरंभीच एक हिशेब मांडणे आम्हांस अवश्य वाटते. पडद्यावरचे चित्र एक सेकंद हलते तेव्हा आपल्या डोळ्यांपुढून चोवीस चित्रे जातात. हाताने चित्रे काढणारे लोक काटकसर म्हणून एकेक चित्र दोनदा टिपतात. म्हणजे सेकंदाला १२ चित्रे पुरतात. मिनिटाला ७२०. सात मिनिटांच्या गोष्टीला ५,०४०. एक चित्र काढणे, रंगविणे आणि कॅमेऱ्यापुढे ठेवून टिपणे यांस मिळून अर्धा तास धरला, आणि हा अंदाज कोणत्याही चित्रकारास कमीच वाटेल, तर २,५२० तास झाले. कारखान्याच्या ४८ तासांच्या आठवड्याने मोजले तर एका माणसाचे वर्षभराचे भरगच्च काम. परंतु जो माणूस आठवडाभर दुसऱ्याचे काम करतो आणि फक्त रविवारी आठ तास स्वतःच्या चित्रांना देतो, त्यास यासाठी ३१५ रविवार लागतील. वर्षात रविवार ५२. म्हणजे सहा वर्षे, आणि मध्ये एकही लग्न, आजारपण किंवा पाहुणा येता कामा नये.

असा उद्योग जगात हजारो लोक करतात आणि त्यांस कोणी एक पैसा देत नाही. आवडत्या विज्ञानकथेतील अवकाशयाने, यंत्रमानव, परग्रहावरची युद्धे घेऊन ते स्वतःची नवी गोष्ट रचतात आणि एकेका चित्राने ती हलती करतात. या प्रकारास ‘फॅन फिल्म’ म्हणतात. मराठीत आपण चाहत्यांचा चित्रपट म्हणू. या हौसेचा इतिहास सांगण्याचे आम्ही योजिले आहे. कामगार संघटनेच्या माणसाने सिनेमावर का बोलावे, असा प्रश्न कोणी विचारील. आमचे शाळेतले शिक्षण थोडे झाले. जे काही वाचले ते वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत रात्री बसून वाचले. चित्रकलेतले आम्हांस कळत नाही. मात्र माणसाचे तास कोणी घेतले आणि त्यास किती उरले, हा हिशेब आम्ही तीस वर्षे करीत आलो आहोत. या हौसेचा इतिहास वाचू लागलो तेव्हा तो आम्हांस फार परका वाटला नाही.

मुंबईत हलत्या चित्रांचा पहिला खेळ ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात झाला. तो पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी विलायतेहून कॅमेरा मागविला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनवर एक कुस्ती टिपली. सावेदादा फोटोग्राफर होते. घरचा व्यवसाय सांभाळून त्यांनी हे केले. हौशी चित्रपटाची आपल्याकडची सुरुवात येथून धरावी. परंतु सावेदादांनी जे समोर घडत होते ते टिपले. जे घडतच नाही, डोळ्यांस दिसूच शकत नाही, ते एकेक चित्र जोडून घडविणे हे निराळे कसब आहे, आणि त्याचा विचार करताना धुंडिराज गोविंद फाळके यांच्यापाशीच यावे लागते.

दादासाहेबांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात लागला, हे शाळकरी मुलासही ठाऊक आहे. त्या आधीच्या एका लहानशा फितीकडे मात्र आपले लक्ष जात नाही. १९११ मध्ये गिरगावात ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहिल्यावर दादासाहेबांस या विद्येने झपाटले. त्या वेळी त्यांनी छापखान्याचा धंदा सोडला होता. वय चाळीसच्या पुढे, पदरी संसार, आणि हाती वेळच वेळ. लहानसा कॅमेरा व फितींची रिळे मिळवून ते रोज तासन्‌तास प्रयोग करीत. जाग्रणे आणि सततचे चित्र पाहणे यांनी डोळे इतके दुखावले की काही काळ दृष्टी जाते की काय अशी पाळी आली. पुढे आयुर्विम्यावर कर्ज काढून १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले, कॅमेऱ्याची व्यवस्था केली आणि एप्रिलमध्ये परतले. आता भांडवल पाहिजे होते. पैसेवाल्यास तोंडाने सांगून ही विद्या पटणार नव्हती. तेव्हा त्यांनी एका कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा उभा केला आणि महिनाभराहून अधिक काळ त्या कुंडीची चित्रे टिपली. बी फुटते, अंकुर वर येतो, वेल चढू लागते, हे सारे मिनिटाभराच्या फितीत दिसले. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ती ओळखली जाते. ती पाहून परिचितांपैकी कर्ज देणारे पुढे आले आणि हिंदी चित्रपटाचा धंदा सुरू झाला.

चरित्रांतून असे सांगितले जाते की दादासाहेब रोज एक चित्र टिपीत. येथे आमच्यातला हजेरी-कारकून जागा होतो. त्या काळी सेकंदाला साधारण सोळा चित्रे चालत. महिनाभर रोज एक म्हटले तर तीस चित्रे. पडद्यावर ती दोन सेकंदांत संपतील. फीत मिनिटाची होती हे खरे असेल तर जवळजवळ हजार चित्रे पाहिजेत, म्हणजे दिवसाला तीसबत्तीस. उजेडाचे बारा तास धरले तर दर वीसबावीस मिनिटांनी कोणीतरी उठून कॅमेऱ्याचा दांडा फिरविला पाहिजे. कुंडी हलता कामा नये, कॅमेऱ्यास धक्का लागता कामा नये, घरातले मूल मध्ये येता कामा नये. ‘रोज एक’ ही आख्यायिका गोड आहे, पण तीत खरे श्रम लपून जातात. कुंडीपाशी महिनाभर जो पहारा चालला तो घरातल्याच माणसांनी दिला असला पाहिजे. नोकर ठेवण्याइतका पैसा त्या घरी नव्हता.

आणि घर म्हटले की सरस्वतीबाई आल्या. दादासाहेबांच्या पत्नीने दागिने दिले, एवढे सांगून आपले चरित्रकार पुढे जातात. दागिने देणे ही त्या काळी पत्नीची रीतच मानली जाई. सरस्वतीबाईंचे काम त्याहून पुष्कळ मोठे आहे. त्या वेळी कोऱ्या फितीस कडेची भोके पाडलेली नसत. ती अंधारात, बोटांनी चाचपून, यंत्राने पाडावी लागत. एक भोक चुकले की चित्र पडद्यावर उडते. हे काम सरस्वतीबाई शिकल्या. फीत धुण्याची रसायने त्यांनी हाताळली, चित्रीकरणाच्या वेळी उन्हाचा उजेड वळविण्यास पांढरी चादर धरून त्या तासन्‌तास उभ्या राहिल्या, आणि मंडळीतल्या साठसत्तर माणसांचा स्वयंपाकही त्यांनीच रांधला. आजच्या कोणत्याही कारखान्यात ही चार खाती होतील आणि चार फोरमन लागतील. सरस्वतीबाईंचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नव्हते. हौसेच्या कामाविषयी बोलताना हौस एकाची आणि राबणूक दुसऱ्याची, हा भाग आम्हांस सुटत नाही. पुढेही तो पुन्हा येणार आहे.

दादासाहेब कुंडीसमोर बसले होते त्या सुमारास मुंबईच्या गिरणीत काय चालले होते? १९११ च्या कायद्याने कापड गिरणीतील पुरुष कामगाराचा दिवस बारा तासांचा ठरविला आणि ही मोठी सुधारणा मानली गेली, कारण त्यापूर्वी मर्यादाच नव्हती. १९२२ मध्ये अकरा तास व आठवड्यास साठ, १९३४ मध्ये दहा व चोपन्न, आणि १९४६ मध्ये नऊ व अठ्ठेचाळीस, अशी ती खाली आली. रविवारची सुटीही आकाशातून पडलेली नाही. ती मागणाऱ्या नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ साली आमच्याच ठाण्यात झाला. जोतीराव फुले यांचे ते सहकारी. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभारली, साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले, दोन स्त्री कामगारांनी भाषणे केली, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. त्या रविवारी कामगाराने काय करावे हे लोखंड्यांनी ठरवून दिले नाही. बहुतेकांनी झोप काढली असेल, आणि ती त्यांस पाहिजेच होती. पण हौस नावाची वस्तू माणसाच्या आयुष्यात शिरते ती याच दाराने. बारा तास साच्यापुढे उभा राहणारा माणूस वाटाण्याच्या कुंडीपाशी बसू शकत नाही. त्यास कला कळत नाही असे म्हणणारे लोक घड्याळाकडे पाहत नाहीत.

आता विज्ञानकथेकडे वळू. चंद्रावर जाण्याची गोष्ट मराठीत फार लवकर आली. फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न यांच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीचे मराठी रूप ‘केरळ कोकिळ’ मासिकात १९०० च्या सुमारास ‘चंद्रलोकची सफर’ या नावाने येऊ लागले होते. जॉर्ज मेलिये या फ्रेंच जादूगाराने चंद्रप्रवासाचा आपला प्रसिद्ध चित्रपट काढला तो १९०२ मध्ये. म्हणजे मराठी वाचकाने तोफेच्या गोळ्यात बसून चंद्राकडे प्रस्थान ठेवले ते मेलियेच्या प्रेक्षकांच्या आधी, निदान कागदावर! मात्र कागदावरून पडद्यावर जाण्यास आपणांस जमले नाही. शाई आणि कागद स्वस्त असतात; फीत महाग असते. त्यामुळे आपली विज्ञानाची हौस पुढील पाऊणशे वर्षे लेखणीतच राहिली.

तीही हौसच होती हे मात्र लक्षात घ्यावे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा घेतली. तीत ‘कृष्णविवर’ या कथेस पहिले बक्षीस मिळाले. लेखकाचे नाव नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. जयंत विष्णु नारळीकर. आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी करून त्यांनी टोपणनाव घेतले होते, आणि परीक्षकांनी अक्षर ओळखू नये म्हणून कथेची प्रत त्यांच्या पत्नी मंगलाताईंच्या हस्ताक्षरात पाठविली होती. या कथेचा आरंभ त्यांनी अहमदाबादेस एका कंटाळवाण्या परिसंवादात बसल्या बसल्या केला, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. जगन्मान्य शास्त्रज्ञानेसुद्धा हौसेसाठी वेळ चोरला तो कामाच्या तासांतून, हे वाचून आमच्या पाळीतील पुष्कळ मंडळींस समाधान वाटेल. नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. त्यांच्या कथा वाचून वाढलेला वाचक आज पन्नाशीचा आहे, आणि त्याची मुले पडद्यावर अवकाशयाने पाहून वाढली आहेत.

मधल्या काळात हलत्या चित्रांचे काय झाले ते थोडक्यात सांगतो. एमिल कोल या फ्रेंच चित्रकाराने १९०८ मध्ये आगकाड्यांची माणसे करून पडद्यावर नाचविली. दादासाहेबांनी १९१५ मध्ये त्याच धर्तीवर ‘आगकाड्यांची मौज’ केली. महायुद्धामुळे फीत मिळेना, भांडवलदार हात आखडून बसले. अशा वेळी नटांना पगार नको, पोशाख नको, आगकाड्यांची पेटी पुरते. ती फीत आज पाहावयास मिळत नाही. दुसऱ्याने केलेले पाहून, त्याच्या प्रेमात पडून, आपल्या घरी आपल्या साधनांनी तसेच काही करून पाहणे, ही चाहत्याचीच रीत आहे. तेव्हा आपल्या देशातील पहिला चाहत्यांचा चित्रपट कोणता, असे कोणी विचारले तर आम्ही याच फितीचे नाव घेऊ. तज्ज्ञांस हे रुचणार नाही. पुढे १९३४ मध्ये पुण्याच्या प्रभात कंपनीने ‘जंबूकाका’ हा कार्टूनपट काढला. पुढे फिल्म्स डिव्हिजनने मुंबईत कार्टून विभाग उघडला, डिस्नेच्या कारखान्यात काम केलेले क्लेअर वीक्स शिकविण्यास आले, आणि १९५७ मध्ये त्या विभागाचा ‘द बनियन डिअर’ निघाला. येथे हौस संपली आणि नोकरी सुरू झाली.

नोकरी सुरू झाली की संपही येतो. अमेरिकेत १९३७ मध्ये न्यू यॉर्कच्या फ्लायशर स्टुडिओत कार्टून काढणाऱ्यांचा संप झाला आणि २९ मे १९४१ रोजी डिस्नेच्या दारात चित्रकार फलक घेऊन उभे राहिले. फलकांवरची चित्रे अर्थातच उत्तम होती. कारणे आपल्या ओळखीचीच: कोणाला किती पगार याचा नियम नाही, पडद्यावर नाव नाही, आणि संघटना करणाऱ्यास कामावरून काढलेले. चित्रांना शाई आणि रंग भरणाऱ्या मुलींचा पगार तर सर्वांत कमी असे. एकाच चित्रासाठी एक माणूस रविवारी फुकट रात्र जागवितो आणि दुसरा त्याच चित्रासाठी मजुरी वाढवून मागतो, यांत विरोध नाही. दोघेही आपल्या तासांचा मालक कोण हे ठरवीत असतात.

आता मूळ विषयावर येतो. १९७७ मध्ये अमेरिकेत ‘स्टार वॉर्स’ निघाला आणि पुढल्याच वर्षी ‘हार्डवेअर वॉर्स’ नावाची तेरा मिनिटांची एक थट्टा काही हौशी मंडळींनी काढली. तीत अवकाशयानांच्या जागी इस्त्री आणि पाव भाजण्याचे यंत्र अशी घरगुती हत्यारे दोऱ्याने लटकावून उडविली होती. लोक हसले, आणि पुष्कळांस असेही वाटले की हे तर आपल्यालाही करता येईल.

जपानमधल्या ओसाका शहरी १९८१ मध्ये विज्ञानकथेच्या चाहत्यांचे विसावे राष्ट्रीय संमेलन भरले. संमेलनाचे नाव होते ‘डायकॉन’. जपानीत मुळ्यास ‘डायकोन’ म्हणतात, तेव्हा आयोजकांनी त्यावर कोटी केली. उद्घाटनाची फीत काही कॉलेजकुमारांनी आठ मिलिमीटरच्या घरगुती फितीवर केली. त्यांत हिदेआकी अन्नो, हिरोयुकी यामागा आणि ताकामी आकाई ही पुढे मोठी झालेली नावे होती. चित्रे रंगविण्याचे पारदर्शक सेल महाग, म्हणून त्यांनी स्वस्तातले प्लास्टिक घेऊन कापले. गोष्ट एवढीच: पाठीवर दप्तर घेतलेली एक लहान मुलगी पेलाभर पाणी घेऊन निघते, वाटेत नाना चित्रपटांतील राक्षस आणि यंत्रमानव तिच्यावर तुटून पडतात, त्यांना ठोकून ती शेवटी ते पाणी जमिनीतल्या सुकलेल्या मुळ्यास घालते, आणि मुळ्याचे अवकाशयान होते. फाळक्यांनी वाटाणा वाढविला, या मुलांनी मुळा. दोघांपैकी कोणास दुसऱ्याची वार्ता नव्हती. १९८३ मध्ये त्यांनी दुसरी फीत केली. ती पहिलीहून कितीतरी सफाईदार आहे, पण तीत इतरांची पात्रे आणि इतरांचे गाणे विनापरवाना घेतले असल्याने ती कधी रीतसर विक्रीस येऊ शकली नाही.

या मुलांचे पुढे काय झाले हे आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते. १९८४ च्या डिसेंबरात त्यांच्या मंडळींनी ‘गायनाक्स’ नावाची कंपनी काढली. हौशी मंडळी व्यावसायिक झाली, नामवंत झाली, त्यांतील काही नंतर कंपनी सोडून गेली, आणि २०२४ मध्ये कंपनीने दिवाळे जाहीर केले. जपानच्या या धंद्यात नवशिक्या चित्रकारास आजही पुष्कळदा नगावर मजुरी मिळते, दर चित्रास इतके. आपल्याकडे बिड्या वळणाऱ्या बाईला हजारामागे दर मिळतो तसेच. आपल्याला या कामाची आवड आहे, म्हणून कमी पैशांत करा, हे वाक्य मालक मंडळींस जगभर पाठ आहे. हौस ही अशी वस्तू आहे की ती ज्याची त्याच्याकडे असेतो त्याची; ती कारखान्याच्या दाराआत नेली की मालक तिचा हिशेब मजुरीतून वजा करतो.

२०१५ मध्ये इंग्लंडमधील एका हौशी चित्रकाराने ‘स्टार वॉर्स’च्या जगातील विमानयुद्धाची सात मिनिटांची फीत लोकांपुढे ठेवली. जपानी पद्धतीची ही चित्रे त्याने चार वर्षांच्या शनिवार-रविवारी एकट्याने काढली होती. आरंभी मांडलेला आमचा हिशेब सहा वर्षांचा होता. त्यास शनिवारही मिळत होता, हे ध्यानात घेतले म्हणजे दोन्ही हिशेब फार लांब नाहीत.

मालकांनी या हौसेकडे कसे पाहिले? ‘स्टार ट्रेक’ या मालिकेच्या मालक कंपन्यांनी, म्हणजे पॅरामाउंट आणि सीबीएस यांनी, २०१५ च्या अखेरीस चाहत्यांच्या एका मोठ्या चित्रपटावर दावा लावला. या चित्रपटासाठी लोकवर्गणीतून मोठी रक्कम जमली होती. त्यानंतर जून २०१६ मध्ये कंपन्यांनी नियमावली काढली. चित्रपट पंधरा मिनिटांहून लांब नसावा. फार तर दोन भाग, मिळून तीस मिनिटे. वर्गणी पन्नास हजार डॉलरपलीकडे जाऊ नये. बाजारातला गणवेश घालायचा तर तो कंपनीचा अधिकृत असावा. आणि काम करणारे सर्व हौशी असावेत, कोणासही मोबदला देऊ नये. मालक नियम घालतो यात नवल नाही. परंतु मजुरी दिली तर अपराध आणि फुकट राबविले तर चालेल, असा नियम आम्ही आयुष्यात प्रथमच वाचला. कंपनीचे म्हणणे असे की मोबदला आला म्हणजे धंदा आला. बरोबर आहे, पण अधिकृत गणवेश विकत घ्यावयास लावणे हा धंदा नव्हे काय? आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याची कृती सर्वांची होते. व्हर्न १९०५ मध्ये वारले. त्यांचा चंद्रप्रवास आज कोणीही घ्यावा. फाळके १६ फेब्रुवारी १९४४ रोजी वारले. नारळीकरांच्या कथांवर चित्रपट करायचा असेल तर मात्र रीतसर परवानगी काढली पाहिजे.

साधनांचा प्रश्न आता पुष्कळ सुटला आहे. फीत लागत नाही, रसायने लागत नाहीत. टॉन रूझेनडाल या डच गृहस्थाने केलेला ‘ब्लेंडर’ नावाचा संगणकीय कार्यक्रम कंपनी बुडाल्यावर पडून राहिला होता. २००२ मध्ये सात आठवड्यांत एक लाख युरो लोकवर्गणी जमवून तो विकत घेण्यात आला आणि सर्वांस फुकट वापरण्यास मोकळा केला गेला. त्याच ब्लेंडरवर लॅटव्हियाच्या लहानशा मंडळीने केलेल्या ‘फ्लो’ या चित्रपटास २०२५ मध्ये ऑस्कर मिळाले. एका आजारी उद्योगाची यंत्रे लोकांनी वर्गणी काढून विकत घेतली आणि ती पुढे चालली. आमच्या चळवळीत असे स्वप्न पुष्कळ गिरण्यांबाबत पाहिले गेले, ते येथे खरे झाले.

साधन मिळाले, वेळेचे काय? आमच्या कळव्यात चाळीत राहणारा आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात फिटर असलेला एक तरुण गेली काही वर्षे असाच चित्रपट करीत आहे. पारसिकच्या डोंगरावरून एक यान उडते आणि त्यास अमेरिकन सिनेमातील यानांशी झुंजावे लागते, अशी काही गोष्ट आहे. जुना संगणक, एक खोली, आणि रात्री आईला उजेडाने झोप येत नाही म्हणून पडद्यावर टाकलेली चादर. कारखान्यात मागणी वाढली की रविवारी जादा काम लागे, आणि नाही म्हणणाऱ्याची पाळी बदलली जाई. हा मुलगा युनियनकडे आला तो रविवार मागण्यास. पण त्याच खात्यातील दहा माणसे त्याच आठवड्यात आमच्याकडे आली होती ती जादा काम मिळावे म्हणून! कायद्याने दुप्पट दर मिळतो. मुलीचे शिक्षण आहे, घराचा हप्ता आहे. एकाचा रविवार हा दुसऱ्याचा हप्ता. समितीच्या बैठकीत एकाने त्याला सरळ विचारले की तुझ्या सिनेमाने कोणाचे पोट भरणार? तो म्हणाला, “माझे सोमवारपर्यंत भरते.” सभेत हशा झाला, पण ठराव सोपा नव्हता. अखेर जादा काम ऐच्छिक असावे, नाही म्हणणाऱ्याची पाळी बदलू नये, आणि ज्यांस हवे त्यांना ते पाळीपाळीने द्यावे, अशी मागणी ठरली. व्यवस्थापनाने ती अर्धी मान्य केली: महिन्यातले दोन रविवार मोकळे. दहा माणसांपैकी काही आमच्याशी बरेच दिवस बोलत नव्हती.

२०२५ च्या सप्टेंबरात राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातील दिवसाच्या कामाची मर्यादा ९ वरून १२ तासांवर नेण्यास मान्यता दिली. १९११ चा आकडा वर दिलाच आहे. त्यात कळवेकराचा गाडीतला वेळ धरलेला नाही. सकाळी बसावयास जागा मिळावी म्हणून येथली माणसे जीव धोक्यात घालून कारशेडमधून निघणाऱ्या रिकाम्या गाडीत चढतात, तो वेळ कोणत्याच कायद्यात येत नाही.

आम्ही त्या मुलास २०१६ ची नियमावली समजावून सांगितली आणि परक्यांची याने सोडून व्हर्नची गोष्ट घे, कोणी हरकत घेणार नाही, असेही सुचविले. तो म्हणाला, व्हर्नच्या गोष्टीत त्याचे यान नाही. मोबदला घेण्याचा किंवा देण्याचा प्रश्न त्याच्याकडे नाही, त्या अर्थी नियमाने तो निर्दोष आहे. दोन रविवारांच्या हिशेबाने चित्रांचे काम एक मिनिट चाळीस सेकंदांपर्यंत आले आहे. सध्या खोळंबा आहे तो आवाजाचा. यानाच्या यंत्राचा आवाज म्हणून त्याने पारसिकच्या बोगद्यातून बाहेर पडणाऱ्या जलद गाडीचा आवाज टिपला आहे. हा बोगदा १९१६ चा. पावसाळ्यात टिपलेल्या आवाजात पाणी ऐकू येते आणि अवकाशात पाऊस कसा, अशी त्याची तक्रार आहे. म्हणून तो उन्हाळ्यात पुन्हा टिपणार आहे, रात्री उशिरा, वस्ती शांत झाल्यावर.